एका माणसाची कामाची खोली स्वतः बांधताना: टेबलापासून पागोळीपर्यंतचा क्रम

सुतारकामाची जुजबी सवय असलेल्या माणसाला आठ बाय दहा फुटांची लाकडी खोली स्वतःच्या हाताने उभी करणे जमण्यासारखे आहे. तरीही अशा अनेक खोल्या वर्ष-दोन वर्षांत अडगळ ठेवण्याच्या कामी येतात, आणि त्याचे कारण बहुधा सुतारकामात सापडत नाही. आधी चार भिंती ठरतात, मग छप्पर, मग उरलेल्या जागेत खिडकी, आणि टेबल सर्वांत शेवटी आत नेले जाते. तेव्हा लक्षात येते की दुपारचे ऊन थेट संगणकाच्या पडद्यावर येते, खुर्ची मागे सरकवली की दार अडते आणि खिडकीचा खालचा काठ नेमका डोळ्यांसमोर येतो.

विचार करण्याचा क्रम आतून बाहेर जातो: बसणारा माणूस, टेबल, खिडकी, भिंत, छप्पर, पाया. बांधण्याचा क्रम खालून वर जातो: पाया, जमीन, भिंती, छप्पर, पाण्यापासून बचाव, आतले काम. बहुतेक चुका या दोन क्रमांची सरमिसळ झाल्यामुळे होतात. म्हणून खालचे पहिले तीन टप्पे हातात करवत न घेता पूर्ण करायचे आहेत.

उदाहरणासाठी एकपाखी (एकाच बाजूला उतरणाऱ्या) छपराची, बाहेरून ८ × १० फूट सांगाड्याची खोली धरली आहे. हे माप सोयीचे आहे, कारण प्लायवूडचा तक्ता ८ × ४ फुटांचा येतो आणि कापाकापी कमी होते. आपल्याकडच्या बांधकाम परवानगीचे नियम, हद्दीपासून सोडायचे अंतर आणि जमिनीखालून जाणाऱ्या वायरी व नळ यांची माहिती मात्र सर्वांत आधी काढावी.

## टप्पा १: बसून मापे घ्या

जी खुर्ची खोलीत वापरणार आहात तीच घ्यावी. तिच्यावर नेहमीच्या सवयीने बसावे (कोणी पाहत असताना बसतो तसे ताठ नव्हे) आणि दुसऱ्या कोणाकडून चार मापे घ्यावीत: जमिनीपासून कोपराची उंची, जमिनीपासून डोळ्यांची उंची, मांडीच्या वरच्या बाजूची उंची, आणि उठण्यासाठी खुर्ची मागे सरकवल्यावर टेबलाच्या काठापासून खुर्चीच्या पाठीपर्यंतचे अंतर.

टेबलाची उंची कोपराइतकी किंवा किंचित कमी असावी. बाजारातली टेबले साधारण २८ ते ३० इंच उंच असतात, पण ठेंगण्या माणसाला ती उंची खांदे उचलून काम करायला लावते. प्रौढ माणसाचे डोळे बसलेल्या स्थितीत सुमारे ४६ ते ४८ इंचांवर येतात. खुर्ची मागे घेऊन उठण्यासाठी ३ फूट लागतात. टेबलाची पुढून मागे रुंदी नुसत्या लेखनासाठी २४ इंच पुरते, पडदा ठेवायचा असेल तर ३० इंच हवी.

आता खोलीशी हिशेब जुळवावा. सांगाडा बाहेरून ८ फूट असला तरी भिंतीची जाडी (३½ इंचांचे खांब आणि आतले अर्धा इंच अस्तर) दोन्ही बाजूंनी वजा केल्यावर आत ७ फूट ४ इंच, म्हणजे ८८ इंच उरतात. टेबलाचे ३० आणि खुर्चीचे ३६ वजा केले की राहतात २२ इंच. त्यात पाठीमागे १२ इंचांचे पुस्तकांचे कपाट घेतले तर उरतात १० इंच, आणि तेवढ्यात माणूस आडवा होऊनच जाऊ शकतो. हा हिशेब कागदावर असताना फुकट दुरुस्त होतो.

शेवटी, खोलीत काय काय येणार याची यादी फुटांत करावी. “बरीच पुस्तके” असे न लिहिता “१४ फूट लांबीची पुस्तके” असे लिहावे.

तपासणी: टेबल आणि कपाटे दारातून आत जातात का, हे मापून पाहावे. जात नसतील तर ती आतच जोडायची असे आत्ताच ठरवावे.

## टप्पा २: दोरी आणि खुंट्यांची खोली

जागेवर चार खुंट्या ठोकून सुतळीने खोलीचा आकार खरा आखावा. त्यात खुर्ची आणि टेबलाऐवजी एखादी फळी ठेवून बसावे. सकाळी, भर दुपारी आणि ऊन उतरताना, तिन्ही वेळांना बसावे आणि फळीवर सावली कोठून येते, ऊन डोळ्यांत कधी जाते, कोणत्या दिशेने आवाज येतो, हे लिहून ठेवावे.

दिशेबाबत एवढे लक्षात ठेवावे की उंचावरचे ऊन छपराच्या वळचणीने अडते, पण मावळतीचे तिरपे ऊन कोणत्याही वळचणीखालून आत शिरते. त्यामुळे पश्चिमेची मोठी खिडकी टाळावी किंवा तिला बाहेरून झडप द्यावी. उत्तर गोलार्धात, कर्कवृत्ताच्या वर, उत्तरेचा उजेड दिवसभर जवळजवळ सारखा राहतो आणि कामाच्या खोलीला तो सर्वांत सोयीचा ठरतो. दक्षिण गोलार्धात हेच दक्षिणेला लागू होते. उष्ण कटिबंधात मात्र वर्षातला काही काळ माध्यान्हीचा सूर्य दुसऱ्या बाजूला जातो, म्हणून तिथे दोन्ही बाजूंना वळचण लागते.

खिडकी ठरवताना पुठ्ठ्याच्या मोठ्या तुकड्यात खिडकीच्या मापाचे भोक पाडून तो तुकडा कोणाला तरी समोर धरायला सांगावा. तो वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवत बसल्या जागेवरून पाहावे. हा प्रकार बाहेरून पाहणाऱ्याला हास्यास्पद वाटतो, पण खिडकीबाबत कोणताही आराखडा जे सांगू शकत नाही ते पुठ्ठा सांगतो: शेजारची भिंत कोठे दिसेनाशी होते, झाडाचा शेंडा कोठे आत येतो, आणि खालचा काठ दोन इंच खाली घेतल्याने किती फरक पडतो.

इशारा: पाऊस पडून गेल्यावर त्या जागी पाणी साचते का, हे एकदा पाहिल्याशिवाय जागा पक्की करू नये. मोठ्या झाडाच्या बुंध्यालगत खोली घेऊ नये. मुळे पाया उचलतात आणि पाने पन्हळ तुंबवतात.

## टप्पा ३: कागदावर उभा छेद

बहुतेक जण फक्त वरून दिसणारा नकाशा काढतात. या कामात त्याहून महत्त्वाचा आहे उभा छेद, म्हणजे खोली मधोमध कापली तर बाजूने कशी दिसेल त्याचे चित्र. एका फुटाला एक इंच या प्रमाणात तो काढावा, आणि पहिल्या टप्प्यातल्या मापांचा बसलेला माणूस त्यात सर्वांत आधी काढावा. भिंती त्याच्याभोवती नंतर येतील.

आपल्या उदाहरणात समोरची १० फुटी भिंत ८ फूट उंच आणि मागची ६ फूट ८ इंच उंच आहे. म्हणजे ८ फुटांत १६ इंच उतार, दर फुटाला २ इंच. टेबल बुटक्या भिंतीशी आणि दार उंच भिंतीत घ्यावे. बसलेल्या माणसाला डोक्यावर फार उंची लागत नाही, उलट थोडे खाली आलेले छत एकाग्रतेला पोषक वाटते. उभे राहायचे, वळायचे, कोट काढायचा तो भाग दाराजवळचा, आणि तिथे उंची मिळते. शिवाय छपराचे सगळे पाणी बुटक्या बाजूला उतरते, त्यामुळे दारातून जाताना अंगावर पागोळ्या पडत नाहीत.

खोली फार बुटकी होईल अशी धास्ती वाटत असेल तर एक माप उपयोगी पडेल. ल कॉर्बुझिए या वास्तुकाराने फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर रोकब्रून-काप-मार्तां येथे स्वतःसाठी बांधलेली आणि १९५२ साली पूर्ण झालेली केबिन ३.६६ मीटर चौरस होती आणि तिची उंची २.२६ मीटर, म्हणजे सुमारे ७ फूट ५ इंच होती. हात वर केलेल्या माणसाची उंची हा त्या मापाचा आधार होता. आपल्या खोलीची सरासरी उंची ७ फूट ४ इंच येते.

खिडकीची उंची छेदात आपोआप बांधली जाते. बुटक्या भिंतीच्या ८० इंचांतून वरची दीड इंची पट्टी आणि साडेपाच इंची लिंटल (खिडकीवरचा भार पेलणारे आडवे लाकूड) वजा केले की खिडकीचा वरचा काठ ७३ इंचांच्या वर जाऊ शकत नाही. खालचा काठ टेबलाच्या वर एक-दोन इंच ठेवावा. त्याहून वर गेला तर बसल्यावर फक्त आकाश दिसते आणि खोली कोठडीसारखी वाटू लागते.

खिडकी पडद्याच्या थेट मागे किंवा थेट समोर नको, बाजूला हवी. मागे असली तर डोळ्यांना एकाच वेळी उजळ आकाश आणि मंद पडदा पाहावा लागतो, समोर असली तर पडद्यावर प्रतिबिंब येते. हाताने लिहिणाऱ्या उजव्या माणसाला उजेड डावीकडून यावा, म्हणजे हाताची सावली अक्षरांवर पडत नाही. दुसरी, लहान खिडकी वेगळ्या भिंतीत घ्यावी. एकाच बाजूने उजेड आला की खिडकीजवळ झगमगाट आणि कोपऱ्यात काळोख अशी विभागणी होते आणि दिवसाही दिवा लावावा लागतो.

चारही बाजूंना काच लावण्याचा मोह अनेकांना होतो. माझ्या मते लहान खोलीत किमान एक भिंत पूर्ण बंद असलीच पाहिजे, कारण पुस्तके, अवजारे आणि टाचलेले कागद यांना भिंत लागते, आणि पाठीलाही लागते. दाराकडे सरळ पाठ करून बसणे बहुतेकांना अस्वस्थ करते. म्हणून दार उंच भिंतीच्या एका टोकाला घ्यावे, म्हणजे मान वळवली की ते दिसते. दार बाहेर उघडणारे ठेवावे, आतली जागा वाचते. वाऱ्याने ते आपटू नये म्हणून बाहेर अडकवणी लावावी.

तपासणी: छेदातल्या माणसाच्या डोळ्यांपासून खिडकीच्या वरच्या आणि खालच्या काठापर्यंत दोन रेघा काढाव्यात. त्या रेघांमध्ये जे येते तेच रोज दिसणार आहे.

## टप्पा ४: साहित्य आणि लाकडाची निवड

रंधलेल्या लाकडाचे सांगितलेले माप आणि खरे माप वेगळे असते. “दोन बाय चार” म्हणून विकला जाणारा रंधलेला तुकडा प्रत्यक्षात १½ × ३½ इंच भरतो, “दोन बाय सहा” १½ × ५½ इंच. आधी माल आणावा, मोजावा आणि मगच कापण्याची यादी करावी.

लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र मिळाल्यास वापरावे. ओले लाकूड बांधल्यावर सुकते, आकसते आणि पिळते, व तेव्हा सांधे उघडतात. माल जमिनीवर न ठेवता आडव्या रिपांवर, दोन थरांत फट सोडून रचावा आणि वरून झाकावा. बाजू मोकळ्या ठेवाव्यात.

प्रत्येक तुकडा डोळ्याच्या रेषेत धरून त्याचा बाक पाहावा आणि फुगीर कडेवर पेन्सिलीने बाण काढावा. जमिनीच्या कड्या (तक्त्यांखालची आडवी लाकडे) आणि छपराचे वासे लावताना हा बाण वर ठेवायचा आहे, म्हणजे भार आल्यावर ते सरळ होतात. फार पिळलेले तुकडे लहान कामांसाठी बाजूला काढावेत. स्क्रू आणि खिळे जस्ताचा मुलामा असलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत.

इशारा: संरक्षक रसायन मुरवलेल्या लाकडाचे तुकडे जाळू नयेत, धूर विषारी असतो. जुने सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ते कापू नयेत, घासू नयेत, वापरूही नयेत.

## टप्पा ५: आखणी आणि पाया

आता दोरी पुन्हा बांधायची, पण या वेळी काटेकोर. खुंट्या खोलीच्या कोपऱ्यांवर न ठोकता दोन फूट बाहेर ठोकाव्यात आणि दोऱ्यांच्या छेदनबिंदूला कोपरा मानावे. नाहीतर खोदताना खुंट्याच उखडल्या जातात.

काटकोन तपासण्यासाठी दोन्ही कर्ण मोजावेत. ८ × १० फुटांच्या आयताचा कर्ण १२ फूट ९.७ इंच, म्हणजे ३.९०३ मीटर येतो. दोन कर्णांत पाव इंचापेक्षा जास्त फरक नसावा. इथे राहिलेला एक इंच प्लायवूडच्या प्रत्येक तक्त्यावर, प्रत्येक वाशावर आणि शेवटी छपराच्या पत्र्यावर पुन्हा भेटतो.

सहा ठिकाणी काँक्रीटचे ठोकळे किंवा खांब येतील: प्रत्येक १० फुटी बाजूखाली तीन. त्या जागची वरची काळी, मुळांची माती पूर्ण काढावी, कारण ती दबते आणि कुजते. घट्ट जमीन लागल्यावर खडीचा चार इंचांचा थर धुमसाने ठोकून बसवावा. जिथे हिवाळ्यात जमीन गोठते तिथे पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. फुगणाऱ्या चिकणमातीत नुसत्या ठोकळ्यांवर विसंबू नये, तिथे अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

सहाही माथे एका पातळीत आणण्यासाठी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी सर्वांत भरवशाची. लहान पाणसळ दहा फुटांवर फसवते. नळीत हवेचा बुडबुडा नाही, याची खात्री दर वेळी करावी.

तपासणी: लाकडाचा सर्वांत खालचा भाग मातीपासून किमान ६ ते ८ इंच वर येतो का? येत नसेल तर इथेच थांबून ठोकळे वाढवावेत.

## टप्पा ६: जमिनीचा सांगाडा

प्रत्येक लांब बाजूखाली दोन “दोन बाय सहा” एकत्र जोडून १० फुटी तुळई करावी. काँक्रीट आणि लाकूड यांच्यामध्ये डांबरी फेल्टचा तुकडा घालावा, नाहीतर काँक्रीटमधला ओलावा लाकडात चढतो. तुळयांवर आडव्या ८ फुटी कड्या १६ इंचांच्या अंतराने लावाव्यात.

कड्या नेहमी काठावर उभ्या लावतात. लाकडाची उभी जाडी दुप्पट केली तर वाकणे आठपट कमी होते. उलट, त्याच दाटीने पसरलेल्या भाराखाली आधारांतले अंतर दुप्पट केले तर ते सोळापट वाढते. म्हणून जमीन थरथरत असेल तर जाड फळी टाकण्यापेक्षा मध्ये एक आधार वाढवणे अधिक गुणकारी ठरते.

पाऊण इंची प्लायवूड कड्यांना आडवे टाकावे. पहिल्या ओळीत ८ फूट आणि मग २ फूट, दुसऱ्या ओळीत उलटे, म्हणजे सांधे एका रेषेत येत नाहीत. ८ फुटांवरचा सांधा १६ इंचांच्या हिशेबात नेमका कडीवर पडतो, पण २ फुटांवरचा पडत नाही, कारण कड्या १६ आणि ३२ इंचांवर आहेत. तिथे एक जादा कडी घालावीच लागते. हे आधी लक्षात आले नाही तर तक्ता हवेत लोंबतो आणि नेमका खुर्चीच्या चाकाखाली दबतो. तक्त्यांमध्ये एक अष्टमांश इंच फट ठेवावी.

थंड प्रदेशात फळी टाकण्यापूर्वी कड्यांच्या मध्ये उष्णतारोधक भरावे. ते नंतर घालता येत नाही.

## टप्पा ७: भिंतींचे सांगाडे

भिंत जमिनीवर आडवी जोडून मग उभी करावी. खांब २ फूट अंतरावर, खाली एक आडवी पट्टी, वर एक. छपराचा प्रत्येक वासा बरोबर खांबाच्या माथ्यावर येईल अशी आखणी दोन्ही लांब भिंतींवर एकाच टोकापासून करावी. दोन माणसे दोन वेगळ्या टोकांपासून मोजू लागली की वासे तिरके बसतात.

खिडकी-दारांच्या जागा चौकटीच्या मापापेक्षा प्रत्येक बाजूला अर्धा इंच मोठ्या ठेवाव्यात आणि वर लिंटल द्यावे. लिंटलच्या दोन्ही टोकांना स्वतंत्र आखूड खांबांचा आधार हवा, नुसत्या खिळ्यांवर ते टांगू नये.

आधी दोन लांब भिंती उभ्या करून तिरप्या टेकूंनी धराव्यात, ओळंबा लावून सरळ कराव्यात, मग उतरत्या माथ्याच्या बाजूच्या भिंतींचे खांब एकेक मापून कापावेत. बाहेरून अर्धा इंची प्लायवूड लावल्यावरच सांगाडा वाऱ्याने कलंडायचा थांबतो.

इशारा: भिंत उभी करताना किमान दोन माणसे हवीत. वारा असेल तर काम दुसऱ्या दिवशी करावे. टेकू सगळे प्लायवूड लागेपर्यंत काढू नयेत.

तपासणी: प्लायवूड लावण्याआधी खुर्ची आत नेऊन पुन्हा एकदा बसावे. खिडकी हलवायची तर ही शेवटची स्वस्त वेळ आहे.

## टप्पा ८: छप्पर

वासे “दोन बाय सहा”चे, दर २ फुटांवर, एकूण सहा. दोन्हीकडे दीड फूट वळचण धरली तर आडवे अंतर ११ फूट होते आणि उतारामुळे वाशाची लांबी सुमारे ११ फूट २ इंच येते. भिंतीवर टेकण्याची खाच वाशाच्या उभ्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त खोल घेऊ नये. पहिला वासा कापून दोन्ही भिंतींवर ठेवून पाहावा, नीट बसला तरच त्याच्यावरून बाकीचे आखावेत. बर्फ किंवा वादळ होणाऱ्या भागात वाशांचे माप अभियंत्याकडून ठरवून घ्यावे.

वजन खाली दाबते, हे सगळ्यांना सुचते. वारा छप्पर वर उचलतो, हे कमी जणांना. वासा खांबाशी, खांब जमिनीच्या सांगाड्याशी आणि तो सांगाडा पायाशी, अशी धातूच्या पट्ट्यांची सलग साखळी हवी. एक दुवा राहिला की बाकीच्यांचा उपयोग नाही.

रिपांवर पत्रे घालताना, वारा ज्या दिशेने येतो तिच्या विरुद्ध टोकापासून सुरुवात करावी, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांची तोंडे वाऱ्याकडे राहत नाहीत. पत्र्याखाली सलग जलरोधक पडदा घालावा. रात्री पत्रा थंड झाला की त्याच्या खालच्या बाजूला दव धरते आणि ते कागदांवर ठिबकते. पत्र्याखाली प्लायवूडचा थर दिला तर पावसाचा आवाजही बराच कमी होतो.

पाण्याचा अंदाज बांधणे सोपे आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दोन्ही टोकांना एक-एक फूट बाहेर आलेले हे छप्पर वरून सुमारे १२.३ चौरस मीटर भरते, म्हणजे ५० मिलिमीटर पावसात सहाशे लिटरांहून अधिक पाणी एकाच वळचणीवरून पडते. पन्हळ लावावी. लावायची नसेल तर पागोळ्यांच्या रेषेत खडीचा चर खोदून पाणी दूर न्यावे.

## टप्पा ९: पाणी अडवण्याचे थर, खिडकी आणि दार

सर्वांत जास्त खोल्या इथे बिघडतात, आणि नियम मात्र एकच आहे: वरचा थर नेहमी खालच्या थरावर पडला पाहिजे. भिंतीवरचा वाफ जाऊ देणारा पडदा खालून वर लावत जावा. वरची पट्टी खालच्या पट्टीवर किमान चार-सहा इंच यावी.

खिडकीचा क्रम ठरलेला आहे. आधी खालच्या काठावर जलरोधक पट्टी, तिची दोन्ही टोके बाजूंवर वर वळवलेली. मग खिडकी बसवावी. मग दोन बाजूंच्या पट्ट्या. सर्वांत शेवटी वरची पट्टी, आणि भिंतीवरचा पडदा या वरच्या पट्टीवर येईल असा. घाईत वरची पट्टी पडद्याच्या बाहेरून चिकटवली जाते. सुरुवातीला ती उत्तम दिसते, पण डिंक सुटला की पडद्यावरून उतरणारे पाणी थेट तिच्या मागे जाते.

दुसरी चूक सिलिकॉनच्या भरवशावर राहण्याची. खिडकीच्या वर आणि बाजूंना ते लावावे, खालच्या बाजूला लावू नये. आत शिरलेल्या थोड्या पाण्याला बाहेर पडायला ती वाट लागते. बाहेर आलेल्या काठाला बाहेरच्या दिशेने उतार द्यावा आणि त्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून थोडी आत, करवतीच्या पात्याएवढी खाच काढावी. पाणी लाकडाच्या खालच्या पृष्ठभागाला चिकटून मागे सरकते, खाचेपाशी ते तुटून खाली पडते.

पडद्यावर पाऊण इंची उभ्या रिपा ठोकून त्यावर बाहेरच्या फळ्या लावाव्यात. मागची ही पोकळी खाली आणि वर उघडी ठेवून जाळीने झाकावी, म्हणजे फळ्या दोन्ही बाजूंनी सुकतात. फळ्यांची कापलेली टोके रंगात किंवा तेलात चांगली मुरवावीत. लाकूड पाणी पिते ते प्रामुख्याने टोकांतून.

तपासणी: आतले अस्तर लावण्यापूर्वी नळीने पाणी मारून पाहावे. सुरुवात खालून करून हळूहळू वर जावे, प्रत्येक पातळीवर थांबावे आणि आत एका माणसाला बसवावे. वरून सुरुवात केली तर गळती कोठून झाली हे कळत नाही.

## टप्पा १०: वीज, हवा आणि ऊब

वायरिंग परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावे, आणि त्यात ३० मिलिअँपिअर वीजगळतीला वीज तोडणारे उपकरण असावे. सॉकेट टेबलाच्या पृष्ठभागाच्या वर, हात पोहोचेल तिथे घ्यावेत. जमिनीलगत घेतले तर रोज टेबलाखाली शिरावे लागते. वायरी अस्तर लावण्याआधी पाइपातून फिरवाव्यात आणि झाकण्यापूर्वी भिंतीचे छायाचित्र काढून ठेवावे.

हवेचा हिशेब क्वचितच कोणी करतो. या खोलीत सुमारे १५ घनमीटर हवा मावते. बसून काम करणारा माणूस तासाला अंदाजे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. खोली पूर्ण बंद असेल तर एका तासात त्याचे प्रमाण हजार पीपीएमहून (हवेच्या दशलक्ष भागांत हजार भागांहून) अधिक वाढते, जेव्हा बाहेरच्या हवेत ते सव्वाचारशेच्या आसपास असते. दुपारी येणारी सुस्ती नेहमीच जेवणामुळे येते असे नाही. समोरासमोरच्या भिंतींत, एक खाली आणि एक वर, अशा बंद करता येणाऱ्या दोन जाळ्या द्याव्यात.

उष्णतारोधक आधी छपरात घालावे, मग भिंतींत. वाफ अडवणारा पडदा थंड हवामानात आतल्या, उबदार बाजूला लावतात. उष्ण दमट हवामानात खोली यंत्राने थंड करायची असेल तर तो बाहेरच्या बाजूला हवा. दुसऱ्या हवामानासाठी लिहिलेल्या सूचना तशाच पाळल्या तर भिंतीच्या आत पाणी धरते.

## टप्पा ११: टेबल आणि फळ्या

अस्तर झाल्यावर लगेच पक्के टेबल ठोकू नये. फळी दोन सुतारी घोड्यांवर (लाकडी तिवयांवर) ठेवून काही आठवडे काम करावे. उंची अर्ध्या इंचाने कमी-जास्त करून पाहावी, डावी-उजवीकडे सरकवावे, आणि मगच भिंतीला पट्टी ठोकावी. पहिल्या टप्प्यातली मापे बरोबर असली तरी इथे थोडा बदल होतोच.

अखंड लाकडाची फळी हवेतल्या ओलाव्यानुसार रुंदीत फुगते आणि आकसते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून तिला खालून लांबट भोकांतून स्क्रू लावावेत. गच्च आवळलेली रुंद फळी तडकते. पुस्तकांच्या पाऊण इंची फळीला दर ३० इंचांवर आधार द्यावा, तीन फुटांपलीकडे ती नक्की झोळ धरते.

## टप्पा १२: पहिले वर्ष

पहिल्या मोठ्या पावसानंतर आत टॉर्च घेऊन खिडकीच्या खालचे दोन्ही कोपरे, वाशांची टोके आणि दाराचा उंबरठा हाताने चाचपून पाहावा. दमट हवेत दार अडकू लागले तर लगेच रंधा मारू नये. कोरडा हंगाम आला की ते सैल होते, आणि काढलेले लाकूड परत लावता येत नाही. दोन्ही हंगाम जाऊ द्यावेत, तरी अडत असेल तेवढेच तासावे आणि उघडी पडलेली कड त्याच दिवशी रंगवावी. वर्ष भरल्यावर पाण्याच्या नळीने सहाही ठोकळ्यांची पातळी पुन्हा तपासावी. एखादा खचला असेल तर तुळईखाली जॅक लावून धातूची पट्टी सरकवावी, आणि छपराच्या पत्र्याचे सगळे स्क्रू एकदा आवळून घ्यावेत.